सोंडवाल्या पतंगाचे भाऊबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पतंगावर लेख लिहावा, हे संपादक मंडळातील मित्रांना प्रथम पटले नाही. "शेअर बाजारावर लिही, नाहीतर जीएसटीवर लिही," असे त्यांचे म्हणणे. पण या पतंगाच्या कुळाचा व्यापाराशी जितका निकटचा संबंध आहे, तितका फार थोड्या प्राण्यांचा असेल. तो संबंध गेल्या उन्हाळ्यात आमच्या मामांच्या दुकानात चांगलाच जाणवला, आणि तेव्हापासून जे काही वाचले, विचारले, पाहिले ते येथे मांडीत आहे.

ज्या पतंगापासून सुरुवात करावयाची तो मात्र आपल्याकडचा नव्हे. तो युरोपातला. त्याचे शास्त्रीय नाव फायसिटा रोबोरेला. त्याची अळी ओकच्या झाडाची पाने खाते.

ओक म्हटले की आपल्याला आधी आडनाव आठवते. झाड आठवत नाही, कारण ते आपण पाहिलेलेच नसते. खऱ्या ओकच्या जाती हिमालयात आहेत, त्यांतल्या एकीला तिकडे बांज म्हणतात. सह्याद्रीत मात्र ओकची मूळची अशी एकही जात नाही. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या आवारात आणि कुर्गच्या कॉफीच्या मळ्यांत जो सिल्व्हर ओक दिसतो, तो नावापुरता ओक. ते ऑस्ट्रेलियातून आणलेले वेगळ्याच कुळातील झाड आहे. युरोपात मात्र ओक म्हणजे आपल्याकडचा सागवान, वड आणि हिरडा एकत्र केल्यासारखा प्रकार. जहाजे त्याच्या लाकडाची, दारूची पिंपे त्याच्या लाकडाची, आणि कातडी कमवायची तीही त्याच्या सालीने. लॅटिनमध्ये 'रोबुर' म्हणजे ओक, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बळ. त्यावरून या पतंगाचे 'रोबोरेला' हे नाव पडले.

हे नाव देणारे दोघेही शिक्षक होते. व्हिएन्ना शहरातील थेरेझियानम या विद्यालयात मिखाएल डेनिस आणि इग्नाझ शिफरम्युलर हे दोन जेसुइट अध्यापक होते. डेनिस तर कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. या दोघांनी १७७५ साली आपल्या शहराच्या आसपास आढळणाऱ्या फुलपाखरांची आणि पतंगांची एक पद्धतशीर यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतील कितीतरी नावे आजही शास्त्रात चालू आहेत. अळी ज्या झाडावर राहते त्या झाडावरून पतंगाला नाव द्यावयाचे, ही त्यांची आवडती रीत. शेवटी 'एला' लावण्याची चाल लिनेयसची. लहान पतंगांच्या एका मोठ्या गटाला त्याने हा प्रत्यय ठरवून दिला होता. (आपल्याकडे 'कर' लावले की गाव कळते, तसे 'एला' दिसले की पतंग लहान चणीचा आहे हे कळते.) त्या दोघांचा मूळ संग्रह पुढे व्हिएन्नाच्या राजवाड्यात ठेवलेला होता. १८४८ च्या उठावात राजवाड्याच्या त्या भागाला आग लागली आणि तो जळून गेला. म्हणजे रोबोरेलाचे नाव ज्या पतंगावरून ठेवले तो पतंग आज कोणाला दाखविता येणार नाही. यादीतील नोंद तेवढी आहे.

हा पतंग दिसायला अगदी साधा. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत अडीच सेंटिमीटरच्या आसपास. रंग राखी-तपकिरी, त्यात किंचित तांबूस झाक. बसतो तेव्हा पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो, त्यामुळे वाळलेली काटकी असावी असे वाटते. उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये रात्री उडतो, दिव्यावर येतो. या कुळाला इंग्रजीत सोंडेवरून किंवा मुस्कटावरून नाव आहे, ते कशामुळे? याच्या तोंडाजवळ दोन स्पर्शके असतात, ती पुढे सरळ निघालेली असतात आणि त्यांवर दाट खवले असतात. बाजूने पाहिले तर चेहऱ्याला लांब नाक आल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ती सोंड नव्हे, वास घेण्याचे साधन आहे.

येथे एक खुलासा करायला हवा. आपल्या घरात "तांदळाला सोंडे लागले" असे म्हणतात, ते सोंडे म्हणजे हे पतंग नव्हेत. सोंडा हा कठीण पाठीचा, काळसर, खरीखुरी चोच असलेला भुंग्याच्या जातीचा किडा. सोंडवाला पतंग निराळा. घरात त्याला कोणी नाव देत नाही. "पाखरे झाली" किंवा "जाळी धरली" एवढेच म्हणतात. आमच्याकडे कन्नडमध्ये "हुळ बिद्दाव" म्हणतात, मराठीत "किडे पडले" म्हणतात. दोन्ही भाषांत किडे पडतातच, चढत कोणीच नाहीत! ते पडतात कोठून, हा प्रश्न मात्र पुढे आमच्या मामांना हजारो रुपयांचा ठरला.

या कुळाचे कान पोटावर असतात, हे मला कळले तेव्हा मी ते दोनदा वाचून पाहिले. पोटाच्या सुरुवातीला खालच्या बाजूने पातळ पडद्याचे दोन कान असतात, आणि ते मुख्यतः वटवाघळाचा आवाज टिपण्यासाठी. वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणाऱ्या चढ्या आवाजाचा उपयोग करून शिकार शोधते. तो आवाज कानी पडला की पतंग गिरकी घेतो किंवा एकदम खाली पडतो. मधमाशांच्या पोळ्यातील मेण खाणारा मेणपतंग याच कुळातला. तो एका सेकंदाला तीन लाख कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, असे २०१३ मध्ये स्कॉटलंडमधील संशोधकांनी दाखविले. माणसाची मर्यादा वीस हजारांच्या आसपास आहे.

आता रोबोरेलाच्या अळीकडे वळू. उन्हाळ्याच्या शेवटी अंड्यातून निघालेली अळी थोडेसे खाते आणि लहान असतानाच थंडीत थांबते. वसंतात ओकला पालवी फुटली की पुन्हा खाऊ लागते. रेशमाच्या धाग्याने दोन-तीन पाने एकत्र शिवून त्यांच्या आत ती राहते, आणि जूनपर्यंत तिची वाढ पुरी होते. ओक नसेल तर क्वचित जंगली सफरचंद किंवा नासपती यांवरही ती आढळते. खाण्याचा मुख्य काळ वसंत का, याचे एक उत्तर याच ओकवरच्या दुसऱ्या एका पतंगावरून मिळाले आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात पॉल फीनी या संशोधकाने ओकच्या पानांचे महिन्यामहिन्याने पृथक्करण केले आणि १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. कोवळ्या पानात प्रथिने भरपूर आणि टॅनिन थोडे असते. उन्हाळा वाढत जातो तसे पान जून होते, पाणी व प्रथिने कमी होतात आणि टॅनिन वाढते. टॅनिन म्हणजे हिरडा चघळल्यावर जीभ ज्याने आखडते ते द्रव्य. कातडी कमवायला हिरडा लागतो तोही त्याचसाठी. ते प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे अळीने पान खाल्ले तरी तिला पोषण कमी मिळते. म्हणून वसंतातील थोड्या आठवड्यांतच ओकवर अळ्यांची सर्वांत मोठी पंगत बसते.

त्या पंगतीवर आणखी एक पंगत बसते. टिट नावाचे चिमणीएवढे पक्षी याच दिवसांत पिले वाढवतात आणि दिवसभर अळ्या वाहून नेतात. पाने फार खाल्ली गेली तर ओक जून-जुलैच्या सुमारास पुन्हा एकदा नवी पालवी काढतो. झाड जगते, अळी जगते, पक्षी जगतो. यात कोणाचे पोते फुटत नाही, म्हणून रोबोरेलावर फारसे कोणी लिहीतही नाही. पतंगांच्या पुस्तकात त्याला चार-सहा ओळी मिळतात. त्याच्या भाऊबंदांवर मात्र ग्रंथ आहेत, कारण त्यांनी झाड सोडले आणि ते कोठारात शिरले.

हे भाऊबंद दोन शाखांचे. पीठ, सुका मेवा, मका यांत राहणारे काही पतंग रोबोरेलाच्याच उपकुळातले, म्हणजे सख्खे चुलत म्हणा. आपल्या तांदळात जाळी करणारा पतंग जरा लांबचा. तो त्याच कुळातला, पण मेणपतंगाच्या उपकुळातला. त्याचे नाव कॉर्सिरा सेफॅलोनिका. ही दोन्ही नावे ग्रीसच्या पश्चिमेकडील बेटांची आहेत, कॉर्फू आणि सेफॅलोनिया. स्टेन्टन या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या या पाहुण्याच्या पत्त्यावर गाव मात्र ग्रीसचे!

कॉर्सिराचा प्रौढ पतंग काही खात नाही. आठवडाभर जगतो, जोडी जमवतो, मादी शे-दीडशे अंडी पोत्यावर, भिंतीच्या फटीत, दाण्यांत घालून मरते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे. चार-सहा दिवसांत अळी निघते. ती रेशीम सोडीत दाणे एकमेकांना चिकटवते आणि त्या बोगद्यात राहून खाते. तांदूळ, जोंधळा, रवा, शेंगदाणे, तिला काहीही चालते. उष्ण हवेत सुमारे महिनाभराने ती दीड सेंटिमीटर लांबीची होते, कोश करते, आणि आणखी आठ-दहा दिवसांनी पतंग बाहेर पडतो. एकूण पाच-सात आठवडे. ओकवर पाने शिवणारे रेशीम आणि तांदळात गठ्ठे करणारे रेशीम यांचे काम एकच, आडोसा करणे. ओकवर त्याने कोणाचे बिघडत नाही. दुकानात मात्र अळी जेवढे खाते त्यापेक्षा तिच्या जाळीनेच जास्त माल बाद होतो, कारण गिऱ्हाईक मूठभर तांदूळ हातात घेते आणि दाणे सुटे होत नाहीत असे दिसताच मूठ परत टाकते.

आता मामांची गोष्ट. मामांचे किराणा व धान्याचे दुकान आहे आणि मागे लहानसे गोदाम आहे. मार्चअखेरीस गोदाम रिकामे करून चुना मारून घेतला होता. एप्रिलमध्ये एका जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून नमुना पाहून तांदूळ घेतला. मालाची पोती उतरून तेरावा दिवस असेल, एका पोत्याची सुतळी सोडली तर आत जाळी. दुसरे सोडले, तेच. मामांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "शेठ, माल दिला तेव्हा स्वच्छ होता, तुम्ही स्वतः पाहिलात. किडे तुमच्या गोदामात पडले."

त्या वेळी आमच्या वर्गात मालविक्री कायदा चालू होता, हे माझे नशीब. १९३० च्या या कायद्याचे कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीसंबंधी आहे. माल नमुन्याशी जुळला पाहिजे, खरेदीदाराला तो ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि नमुना वाजवी रीतीने तपासूनही दिसला नसता असा विक्रीला नालायक करणारा दोष मालात असता कामा नये, अशा तीन अटी त्यात गृहीत धरल्या आहेत. म्हणजे प्रश्न सरळ दोन झाले. दोष आधीचा की नंतरचा? आणि आधीचा असेल तर तो पाहून कळण्यासारखा होता काय?

दुसऱ्याचे उत्तर सोपे. अर्ध्या मिलिमीटरचे अंडे किंवा नुकती निघालेली अळी मूठभर नमुन्यात कोणाला दिसणार? पहिल्या प्रश्नासाठी मी पोत्यातले काही तांदूळ बाटलीत घालून आमच्या प्राणिशास्त्र विभागातील सरांकडे नेले. सरांनी अळ्या कागदावर काढून पट्टीने मोजल्या. बऱ्याचशा एक सेंटिमीटरच्या पुढे होत्या. "या अळ्या तेरा दिवसांच्या नाहीत," सर म्हणाले, "अंडे धरून तीन आठवड्यांच्या तरी असतील." मी शंका काढली की गोदामाच्या भिंतीतून सरकत आल्या असतील तर? सर म्हणाले की मोठी अळी कोश करायला धान्याबाहेर फटीत जाते, ती बाहेरून पोत्याच्या मध्यभागी शिरून जाळ्याचा नवा संसार मांडीत नाही. आणि जाळी तर पोत्याच्या पोटात होती.

हा तारखांचा हिशेब मी एका कागदावर मांडून मामांना दिला. एका बाजूला माल उतरल्याची तारीख, दुसऱ्या बाजूला अळीचे वय. मामांनी तो कागद घेऊन व्यापाऱ्याला गाठले. कोर्टाची पायरी कोणालाच चढायची नव्हती. वीस वर्षांचा व्यवहार, त्यांच्या लेकीच्या लग्नात मामा वाढायला उभे राहिलेले. शेवटी निम्मा माल त्यांनी परत घेतला, निम्मा मामांनी चाळून, ऊन देऊन कमी भावाने काढला. कायद्याने मामांना जास्त मिळाले असते असे मला अजून वाटते. मामांना तसे वाटत नाही.

विम्याचे काय, असे वाणिज्य शाखेचे मित्र विचारतील. मामांचा विमा आगीचा होता, त्यात किडीला जागा नाही. पण वाहतुकीचा असता तरी फारसा उपयोग नव्हता. १९६३ च्या सागरी विमा कायद्याचे कलम ५५ पाहावे. मालाचा अंगभूत दोष, तसेच उंदीर व कीड यांमुळे झालेली हानी, यांची जबाबदारी करारात वेगळे लिहिलेले नसेल तर विमा कंपनीवर येत नाही. गलबत बुडाले तर पैसे मिळतील, गलबतातला तांदूळ अळीने खाल्ला तर मिळणार नाहीत. यामागे विचार आहे. विमा अनिश्चित संकटाचा असतो, आणि उष्ण प्रदेशात साठवलेल्या धान्यात कीड होणे हे कायद्याच्या दृष्टीने धान्याच्या स्वभावातच आहे.

मग ही हानी वहीत कशी धरावी? परिव्यय लेखाशास्त्रात आपण सर्वसाधारण घट आणि असाधारण घट असा भेद शिकतो. तो पाठ करणे सोपे, लावणे अवघड. समजा, क्विंटलला चार हजार रुपये दराने शंभर क्विंटल तांदूळ घेतला, म्हणजे चार लाख रुपये. वाळणे, सांडणे यांत दोन क्विंटल जाणारच असे धरले, तर ती सर्वसाधारण घट. तिचा भार उरलेल्या अठ्ठ्याण्णव क्विंटलांनी उचलायचा, म्हणून खरेदी क्विंटलला ४,०८१ रुपये ६३ पैसे पडली. आता जाळीने आठ क्विंटल पूर्ण बाद झाला. ती असाधारण घट. तिचे ३२,६५३ रुपये नफा-तोटा खात्याला नावे टाकायचे, मालाच्या किमतीत मिसळायचे नाहीत. उरला नव्वद क्विंटल, किंमत ३,६७,३४७ रुपये. पण त्यालाही वास लागला आहे आणि बाजारात तो ३,८०० रुपयांनी जाईल, म्हणजे ३,४२,००० रुपये. वर्षअखेरचा साठा खरेदी किंमत किंवा मिळणारी किंमत यांपैकी कमी असेल त्या रकमेने धरायचा, म्हणून आणखी २५,३४७ रुपये गेले. आठ क्विंटल खाल्ले गेले आणि तोटा झाला अठ्ठावन्न हजारांचा! बहुतेक दुकानदार हे सगळे "घट" या एकाच शब्दात बसवतात आणि पुढच्या वर्षी तांदळाचा भाव परवडत का नाही म्हणून डोके खाजवतात.

उपाय जुनेच आहेत आणि चांगले आहेत: कडक ऊन, रिकाम्या गोदामाच्या फटी बुजवणे, जुना माल आधी काढणे, नवी पोती जुन्या पोत्यांना खेटून न ठेवणे. वायू सोडणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांनी कीड मरते हे खरे, पण तो वायू माणसालाही तसाच मारतो. त्या गोळ्या वापरण्याची मुभा सरकारी गोदामे आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनाच आहे. राहत्या घरात, झोपायच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत त्या ठेवणाऱ्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी ही चाल असेल तर आजच बंद करावी.

आता सख्ख्या चुलत भावांकडे. त्यांतल्या प्लोडिया इंटरपंक्टेलाला इंग्रजीत भारतीय पिठाचा पतंग म्हणतात, आणि आपण उगीच ओशाळतो. १८५६ साली असा फिच या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने हे नाव पाडले. त्या काळी तिकडे मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत, आणि त्यातला इंडियन म्हणजे अमेरिकेतला आदिवासी. आपला काही संबंध नाही.

दुसरा भाऊ, एफेस्टिया क्युह्निएला, पिठाच्या गिरण्यांतला. जर्मनीत थुरिंगिया नावाचा प्रांत आहे. तेथील एका गिरणीतल्या या पतंगाच्या अळ्या रोगाने मरत होत्या. एर्न्स्ट बर्लिनर या शास्त्रज्ञाने त्या तपासल्या आणि १९११ साली रोगाचा जिवाणू वेगळा काढला. पुढे १९१५ मध्ये त्याने प्रांतावरून त्याचे नाव ठेवले, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. याची आद्याक्षरे घ्या: बी आणि टी. विदर्भापासून धारवाडपर्यंतचा शेतकरी ज्याला बीटी कापूस म्हणतो, तो बीटी हाच. (जपानमध्ये इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांत असा जिवाणू १९०१ मध्येच सापडला होता, पण नाव टिकले ते गिरणीचे.) हा जिवाणू एक प्रथिनाचा स्फटिक तयार करतो. अळीच्या आतड्यात तो विरघळतो आणि आतड्याला भोके पाडतो. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची भुकटी विक्रीला आली. नंतर त्याचा जनुकच कापसात घातला गेला, आणि भारतात अशा कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढची कथा तितकी सुखाची नाही. गुलाबी बोंडअळीला या विषाची सवय झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. ती अळी सोंडवाल्यांच्या कुळातली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तिसऱ्याचे नाव कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम. याची अळी फड्या निवडुंग खाते. ऑस्ट्रेलियात कोणीतरी शोभेला आणि कुंपणाला म्हणून निवडुंग नेला, आणि १९२५ पर्यंत त्याने सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली. शेतकरी घरे सोडून गेले. १९१४ मध्ये या पतंगाच्या अळ्या आणून पाहिल्या, त्या जगल्या नाहीत. १९२५ मध्ये ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनातून सुमारे तीन हजार अंडी आणली. त्यांची पैदास करून पुढच्या वर्षापासून ती निवडुंगावर चिकटवत गेले. १९३३ पर्यंत निवडुंगाची मोठी रानेच्या राने कुजून आडवी झाली होती. क्वीन्सलंडमधील बूनार्गा या गावी शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये एक सभागृह बांधले, त्याला नाव दिले या पतंगाचे. माणसाने किड्याच्या नावाने सभागृह बांधावे, असे दुसरे उदाहरण मला आढळले नाही. आपल्या दक्षिणेतही निवडुंग असाच माजला होता. तो आटोक्यात आला तो पतंगामुळे नव्हे, १९२६ मध्ये श्रीलंकेहून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्यामुळे.

पण हाच कॅक्टोब्लास्टिस १९५७ मध्ये वेस्ट इंडिजमधील नेव्हिस बेटावर सोडला गेला, तेथून बेटामागून बेट करीत १९८९ मध्ये फ्लोरिडात पोहोचला, आणि २००६ मध्ये मेक्सिकोच्या एका बेटावर दिसला. मेक्सिकोत निवडुंग म्हणजे भाजी, फळ आणि गुरांचा चारा. तेथील सरकारने धावपळ करून त्याला त्या बेटावरून हुसकून लावले. ऑस्ट्रेलियात जो जमेच्या बाजूला लिहिला, तोच मेक्सिकोत नावे पडला. मला यात पतंगाचा काही दोष दिसत नाही. तो दोन्हीकडे निवडुंगच खात होता.

शेवटी पुन्हा आपल्या कॉर्सिराकडे, कारण त्याचे एक काम मामांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ऊस अमाप. उसाचे कोंब पोखरणारी खोडकिडीची अळी सोंडवाल्यांच्याच गोतातली. पूर्वी तर तिला याच कुळात धरीत असत. या खोडकिडीच्या अंड्यांत आपले अंडे घालून ती नासवणारी ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या जातीची माशी आहे, अर्ध्या मिलिमीटरची. ती माशी हजारांनी वाढवायची तर तिला हजारांनी अंडी पुरवायला हवीत. ती कोणाची? तर कॉर्सिराची. प्रयोगशाळेत भरडलेला जोंधळा किंवा बाजरी उथळ पेट्यांत घालून त्यात कॉर्सिराची अंडी मुद्दाम टाकतात. त्यात शेंगदाण्याचा कूट आणि यीस्टही घालतात, म्हणजे अळी चांगली पोसते. महिना-दीड महिन्याने पतंग निघाले की ते गोळा करून त्यांची अंडी चाळतात, अळी निघू नये म्हणून त्या अंड्यांवर अतिनील किरण सोडतात, आणि डिंक लावलेल्या कार्डावर पसरतात. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी. त्यांवर ट्रायकोग्रामा सोडली की ती प्रत्येक अंड्यात आपले अंडे घालते, आणि ते कार्ड शेतकऱ्याला मिळते.

या पेट्यांना जपावेही लागते. ब्रॅकॉन नावाची दुसरी एक माशी कॉर्सिराच्या अळ्यांना डंख मारून निकामी करते. ती प्रयोगशाळेत शिरली तर सगळी पैदास बसते, म्हणून खिडक्यांना बारीक जाळी लावून पाहऱ्यात ठेवावे लागते. मामांच्या गोदामात ही माशी आली असती तर तिला आम्ही पाहुणी मानले असते.

उसाच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी हे कार्ड कृषी विज्ञान केंद्रात मागून पाहावे. आणल्यावर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, उन्हातही ठेवू नये. माश्या निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याचे तुकडे करून उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला टाचावेत, आणि आगेमागे काही दिवस त्या शेतात औषध फवारू नये.